अडीचशे किलोची गाडी आणि कोकणात किनाऱ्यावरचा मुक्काम

कोकणात समुद्राजवळ तंबू टाकायला जागा भरपूर आहेत. अडीचशे किलोची मोटरसायकल जिथे रात्रभर सरळ उभी राहील आणि सकाळी कुणाला हाक न मारता बाहेर निघेल, अशा जागा मात्र त्यामानाने थोड्या. म्हणून शोध गाडीपासून सुरू करायचा. आधी गाडी कुठे लागेल ते ठरवा, मग तिथून शंभर-दोनशे पावलांत तंबू कुठे बसतो ते पाहा. क्रम उलटा केला की छान पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सापडते आणि दिवे लागणीच्या वेळी गाडी वाळूत बसलेली असते.

वजन एकदा नीट मनात घ्या. हिमालयन ४५० नुसती १९६ किलो, सुपर मिटिओर ६५० म्हणजे २४१, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९. त्यावर दोन पॅनियर (बाजूला लावायच्या पेट्या), तंबू, पाणी, चूल-भांडी धरून आणखी ३०-४० किलो सहज होतात. साधी १२५ सीसीची गाडी चिखलात अडकली तर दोघे जण मागून उचलून फिरवतात. ही तशी फिरत नाही आणि बहुतेकींना रिव्हर्स गिअरही नसतो. त्यामुळे जागा बघताना ‘पोचता येईल का’ यापेक्षा ‘वळवता येईल का’ हा प्रश्न मोठा.

घरी बसून करायचं काम

उपग्रह नकाशावर गाव उघडा आणि किनाऱ्याला समांतर पट्टे ओळखा. समुद्राकडून गावाकडे येताना आधी पुळण, मग बहुतेक ठिकाणी सुरूच्या बनाची गडद पट्टी, मग नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं, त्यामागे गावातला रस्ता. कामाचं टोक ते, जिथे गावातला रस्ता सुरूच्या पट्टीपर्यंत येऊन संपतो. तिथे मोकळा चौकोन दिसतो का पाहा. देवळासमोरचं पटांगण, शाळेचं मैदान, जेटीजवळची जाळी वाळवायची जागा, एसटीचं शेवटचं वळण. जिथे एसटी वळते तिथे तुमची गाडी डोळे मिटून वळेल.

मग रस्त्याची शेवटची ३०० मीटर पुरेपूर मोठी करून पाहा. कोकणातल्या वाड्यांमधून दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असलेल्या अरुंद पाणंदी जातात. पॅनियर लावलेली गाडी जवळजवळ मीटरभर रुंद असते. पाणंदीत ती शिरते, पण समोरून रिक्षा आली की मागे सरकायला जागा नसते. त्याहून वाईट म्हणजे पाखाडी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या या पायवाटा चढ-उतारावर पायऱ्यांच्या होतात आणि नकाशातली बाई त्यालाही रस्ताच समजते. वाट नकाशावर रेघेसारखी दिसते पण उपग्रह चित्रात झाडांखाली गायब होते, तर ती पाखाडी समजा आणि सोडून द्या.

तिसरी गोष्ट उतार. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच गावं सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली आहेत. वरचा सडा सपाट, आणि तिथून गावात उतरणारा रस्ता घाटासारखा. वळणांवर जांभ्याचा चुरा पसरलेला असतो. तो गोट्यांसारखा चाकाखाली फिरतो. पुढचा ब्रेक वळणात धरायचा नाही, वेग वळणाच्या आधीच पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरवायचा. असा उतार अंधारात पहिल्यांदा उतरू नये, इतकं पथ्य पाळलं तरी निम्मी विघ्नं टळतात. दुपारी चारपर्यंत गावात पोचेल असाच दिवस आखा.

इंटरनेटवरचे जुने फोटो जपून वापरा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात, विशेषतः दिवेआगर-श्रीवर्धन भागात, सुरू आणि नारळ-सुपारी आडवी केली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. त्याआधीच्या फोटोत दाट सावली दिसते म्हणून आज ती असेलच असं नाही.

जंगलजेटी

सागरी मार्गाने जाताना आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या खाड्या गाडीसकट फेरीबोटीने, म्हणजेच जंगलजेटीने, ओलांडता येतात. वळसा चांगलाच वाचतो. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून शंभरावर किलोमीटर फिरून यावं लागतं. तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी गावात विचारा, आठवड्यापूर्वीच्या माहितीवर राहू नका.

जड गाडीला त्रास होतो तो धक्क्याच्या उतारावर. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि तिथे हिरवं शेवाळ असतं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून रांगत जायची सवय इथे दगा देते, कारण बूटच घसरतो. सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा ठेवून, मागचा ब्रेक हलका धरून उतरा. मागे बसलेल्याला आधीच उतरवा. बोटीवर पत्रा ओला असतो. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक रबरी पट्ट्याने किंवा वेल्क्रोने आवळून, आणि स्वतः गाडीवर बसूनच प्रवास.

भरतीचा हिशोब

समुद्राला रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. भरतीचं कोष्टक जवळ नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशोब लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात साधारण बारा. दिवसा जी वेळ, जवळपास तीच रात्री. मुंबई-अलिबागकडे हे चांगलं जुळतं. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याच्या तासभर आधी लागते.

उधाण, म्हणजे मोठी भरती, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास; भांग, म्हणजे लहान भरती, अष्टमीच्या आसपास. पाणी किती चढतं ते जागेवर अवलंबून. मुंबई-अलिबागला उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, गोव्याच्या बाजूला तो साधारण दोन मीटरवर येतो. म्हणजे तारकर्लीत चाललेलं गणित अलिबागजवळच्या नागावला चालणार नाही.

चांदण्यासाठी पौर्णिमा गाठून येणाऱ्यांनी एवढं नक्की ध्यानात ठेवावं. त्या रात्री पूर्ण भरती येते मध्यरात्री, सगळे गाढ झोपलेले असताना. शिवाय हिवाळ्यात उत्तर कोकणात उधाणाची रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा चढी असते. दुपारी बारा वाजता पाणी कुठवर आलं ते पाहून ‘याच्या वर ठोकू’ असं ठरवलं की रात्री तंबूत पाणी येतं.

पाण्याची हद्द डोळ्यांनी वाचता येते. पुळणीवर शिंपले, काटक्या, प्लास्टिक यांच्या रेषा पडलेल्या असतात. खालची ओलसर रेषा आजच्या भरतीची, वरची सुकलेली रेषा गेल्या उधाणाची. त्याच्याही वर जिथे मर्यादवेल पसरलेली आहे, जांभळी फुलं आणि खूर उमटल्यासारखी पानं, तिथे नेहमीचं पाणी पोचत नाही. तंबू तिच्याही मागे हवा. वाळू उभी कापल्यासारखी दिसत असेल, झाडांची मुळं उघडी पडली असतील, तर तो किनारा समुद्र खातो आहे. तिथून उठा. खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या जिभेवर तर कधीच मुक्काम करू नका. देवबागच्या संगमासारख्या ठिकाणी ती वाळू वर्षागणिक जागा बदलते.

गाडी पुळणीवर का न्यायची नाही

ओहोटीला दापोलीच्या मुरूड-कर्द्यासारख्या किनाऱ्यांवर बारीक वाळू इतकी घट्ट बसते की लोक चारचाकी फिरवतात. ते बघून मोह होतो. पण घट्ट असतो तो फक्त ओला पट्टा. त्याच्या वर कोरड्या वाळूची २०-३० मीटरची पट्टी असते. पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली वाळू हिवाळ्यात परत येऊन तिथे भुसभुशीत साठते, म्हणजे नेमकी मुक्कामाच्या हंगामात ती सगळ्यांत मऊ. जाताना उतारावर गाडी पार होते, परत येताना चढावर मागचं चाक खणायला लागतं, आणि तोवर भरती वळलेली असते. सिंधुदुर्गाकडची पांढरी, जाडसर वाळू तर ओलीही फार भार घेत नाही.

दुसरं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर ही नावं माहीत असतात, पण घरटी इतर किनाऱ्यांवरही होतात आणि वरून काहीच दिसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहेत. चाकांच्या खोल चाकोरीत पिल्लं अडकून राहतात, आणि हेडलाइट किंवा तंबूबाहेरचा पांढरा दिवा त्यांना समुद्राऐवजी गावाकडे ओढतो. दिवा लागलाच तर लाल आणि मंद. शिवाय अनेक ग्रामपंचायतींनी किनाऱ्यावर वाहनांना बंदीच घातली आहे.

जमीन तपासायची कशी

रस्त्याच्या टोकाला गाडी डांबरावरच सोडा आणि चालत पुढे जा. जिथे गाडी लावायची तिथे एका पायावर उभं राहून पूर्ण वजन टाचेवर टाका आणि टाच फिरवा. खूण उमटली नाही तर नुसता स्टँड चालेल. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर गेली तर स्टँडखाली पाटी लागेल. टाच त्याहून खोल गेली तर ती जागा गाडीची नाही. सुरूच्या बनात सुयांचा थर फसवतो, वरून दबलेला दिसतो पण खाली मोकळी वाळू. तो पायाने बाजूला सारूनच टाच लावा. खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या दलदलीच्या, कडेची सुकलेली, भेगा पडलेली काळी जमीनही तशीच. वरचा पापुद्रा कडक, खाली चिखल, आणि भरतीला खालून पाणी चढलं की सगळं मऊ.

साइड स्टँडचा तळवा साधारण ५ बाय ५ सेंटिमीटर, म्हणजे २५ चौरस सेंटिमीटर. त्याखाली १५ बाय २० ची पाटी घातली तर तोच भार ३०० चौरस सेंटिमीटरवर, बारा पट पसरतो. स्टँडखाली घालायचा बाजारातला बशीएवढा प्लास्टिकचा पक घट्ट मातीला ठीक, वाळूला कमी पडतो. १८ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा घ्या, एका कोपऱ्याला भोक पाडून मीटरभर दोरी बांधा. दोरीचं दुसरं टोक हँडलला अडकवून ठेवलं की सकाळी पाटी विसरत नाही आणि गाडीवर बसूनच ओढून घेता येते. स्टँड पाटीच्या मधोमध बसवा, कडेला बसला तर पाटी एका बाजूने रुतते.

गाडी लावल्यावर लगेच निघून जाऊ नका. हँडल धरून दोन-तीनदा हलवा, दहा मिनिटांनी परत बघा. गाडीचा कल वाढला असेल तर स्टँड खाली चालला आहे, जागा बदला. संध्याकाळी हे कंटाळवाणं वाटतं, पण जड गाडी पडते ती लावताक्षणी नाही, रात्री. डावीकडे जमीन उंच असेल तर गाडी जास्त सरळ राहते आणि वाऱ्याने उजवीकडे जाते, हेही पाहा. तोंड चढाकडे, गिअर पहिला. मात्र सकाळी मागे ढकलत काढावी लागेल अशी ठेवू नका, बाहेरची वाट आणि चढ एकाच दिशेला मिळेल ती जागा शोधा. मधला स्टँड फक्त जांभा, काँक्रीट किंवा चोपलेल्या अंगणात.

नारळाखाली गाडी नको, तंबू तर नकोच. सुरूखाली लावताना इंजिनखालच्या वाळलेल्या सुया झाडून घ्या, तापलेल्या सायलेन्सरला त्या लागल्या की धुमसतात. शेकोटीही त्या बनात नाही.

मिळणाऱ्या जागा तीन तऱ्हेच्या

सगळ्यांत बरी जागा म्हणजे किनाऱ्यालगतच्या घराचं अंगण किंवा खळं. घरगुती राहण्याची सोय करणारी पुष्कळ कुटुंबं तंबूला वाडीत जागा देतात, जेवण आणि न्हाणीघर वापरायचे पैसे घेतात. चोपलेलं अंगण जड गाडीला उत्तम, फाटक बंद होतं, विहिरीचं गोडं पाणी मिळतं. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, तारकर्ली-देवबाग, शिरोड्याजवळचं वेळागर या पट्ट्यांत वाड्या थेट पुळणीला लागून आहेत. फोनवर विचारताना ‘पार्किंग आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘चारचाकी अंगणात येऊन वळते का’ हे विचारा. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. तिथे तंबूला परवानगी मिळो न मिळो, पक्का रस्ता आणि वळायला जागा नक्की, म्हणून अंधार पडल्यावरचा पर्याय म्हणून नाव लिहून ठेवा.

दुसरी, सुरूच्या बनाची गावाकडची कड. काशीद, दिवेआगर, गुहागर, भाट्ये, वेळागर. सावली चांगली, वारा अडतो. पण ही लागवड बऱ्याच ठिकाणी वन खात्याची किंवा ग्रामपंचायतीची असते, न विचारता तंबू ठोकू नये.

तिसरी, सडा. जांभ्याचा कातळ गाडीला सिमेंटसारखा, पण तंबूला खुंटी शिरत नाही. दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात आणि वारा अंगावर येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप याच कातळात आणि गडग्यांच्या फटीत असतो, विंचूही. बूट आणि हेल्मेट तंबूच्या आत, सकाळी झटकून मगच घालायचं, आणि तोल सावरायला म्हणून अंधारात गडग्यावर हात टाकायचा नाही.

आंब्याच्या बागेत फेब्रुवारीनंतर शिरू नका. राखण असते, फवारणी चालू असते, आणि रात्री तिथे दिसलेला माणूस चोर ठरतो. पुळणीवर जिथे होडी, दोरखंड आणि जाळ्याचा ढीग आहे ती रापणीची जागा, तिथे पहाटेच माणसं येतात.

विचारायचं कुणाला

आधी जवळच्या घरी, मग पोलीस पाटील किंवा सरपंच. तुमचं नाव, गाडीचा नंबर, किती रात्री, एवढं सांगितलं की पुरे. किनाऱ्यावर सागरी पोलिसांची गस्त असते आणि अनोळखी तंबूची विचारपूस होणारच. आधी कळवलेलं असेल तर ती दोन मिनिटांत संपते. ओळखपत्र आणि आरसी हाताशी ठेवा. अडचणीला ११२.

तारीख बघूनच निघा. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळलेला बरा. शिमग्यात पालख्या घरोघर फिरत असतात, अंगणं आणि रस्ते भरलेले असतात. कुणकेश्वरला महाशिवरात्रीची जत्रा, गणपतीपुळ्याला अंगारकी, हे दिवस तर जड गाडीने गर्दीत रांगण्यातच जातात. जून ते सप्टेंबर हा विषयच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चपासून दुपारचा वारा आणि घाम दोन्ही वाढतात.

रुतलीच तर

मागचं चाक जागेवर फिरलं की त्या क्षणी थ्रॉटल सोडा. आणखी दोन सेकंद पिळलं की चाक आसापर्यंत जातं आणि गाडी इंजिनच्या तळपत्र्यावर टेकते. मग क्रम असा. सामान पूर्ण उतरवा, पॅनियरसकट. पुढच्या-मागच्या टायरची हवा ३६-४० वरून २२ पीएसआयपर्यंत आणा. ट्यूबलेस टायर १८ च्या खाली नेला तर रिममधून कड सुटू शकते. चाकासमोरची वाळू हातांनी उतरती करा आणि नारळाच्या झावळ्या किंवा गोणपाट चाकाखाली कोंबा. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत, स्वतः गाडीशेजारून चालत, मागून दोघांनी ढकलून काढा. वर बसून नाही.

तरी निघत नसेल तर गाडी अलगद आडवी करा, चाकाचा खड्डा वाळूने बुजवा, चाक नव्या जागी येईल अशी फिरवून उभी करा. याला तिघे लागतात. उभी केल्यावर पाचेक मिनिटं थांबून स्टार्ट करा, तेल खाली बसू द्या. दोर लावायचाच तर पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या जोडाला, हँडलला नको.

डांबरावर आलात की हवा लगेच भरा. छोटा कंप्रेसर फ्यूज असलेल्या वायरने थेट बॅटरीला जोडा. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटला तेवढा करंट अनेकदा झेपत नाही आणि ते स्वतःच बंद होतं.

सकाळी

रात्रभर खारी हवा आणि दव गाडीवर बसतं. कव्हर घातलं असेल तर खालून बांधा, सुटं कव्हर वाऱ्यात शिडासारखं फुगून गाडी पाडतं. उजाडताच ते काढा, आत ओल धरून राहते. विहिरीच्या गोड्या पाण्याने, घरच्यांना विचारून, एक-दोन बादल्या ओता. पाणी अंगावरून वाहू द्या, बेअरिंगवर जोराचा फवारा नको. डिस्कवर रात्रीत तांबूस थर येतो, तो निघताना चार-पाच हलक्या ब्रेकांत जातो. चेन फडक्याने कोरडी पुसून ल्यूब आतल्या बाजूने लावा आणि दहा मिनिटं मुरू द्या. लगेच निघालात तर सगळं रिमवर उडतं. चाक खाऱ्या पाण्यात गेलं असेल तर मात्र हे काम सकाळपर्यंत थांबवू नका. त्याच संध्याकाळी चेन, ब्रेक कॅलिपर, स्टँडची स्प्रिंग आणि खालचे वायरचे जोड गोड्या पाण्याने धुवा. मीठ सगळ्यांत आधी शिरतं ते स्टँडच्या स्विचमध्ये, आणि तो बिघडला की गिअर टाकताच इंजिन बंद पडतं.